बेल वाजली नाही म्हणून

मित्रांनो, मी एक बेल आहे. शाळा सुटल्याची नव्हे, सायकलवरची नव्हे, आणि दारात पाहुणे आल्याचं सांगणारीही नव्हे. मी दवाखान्यातल्या खाटेच्या उशाशी लोंबणारी बेल. दिसायला अगदी साधी. मुठीत मावेल एवढा लांबट पांढरा गोळा, टोकाला लाल बटण आणि मागे भिंतीत शिरलेली लांब वायर. आता पांढरी कसली, पिवळीच पडले आहे. मानेजवळ वायर उसवली होती तिथे चिकटपट्टी गुंडाळली आहे. म्हातारपणी माणसं गळ्याला मफलर गुंडाळतात ना, तशी.

मला स्वतःचा आवाज नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं घोडं तिथेच अडणार आहे. कोणी माझं बटण दाबलं, की लांब, वॉर्डाच्या दाराजवळच्या टेबलावर घंटी वाजते आणि तिथल्या पाटीवर माझ्या खाटेचा दिवा लागतो. मग सिस्टर उठून येतात. कोणी दाबलंच नाही, तर मी मुकी. डोळ्यांदेखत काही का होईना, मी आपली लोंबत राहणार.

माझा जन्म एका कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी बायका ओळीने बसायच्या. एकजण तारा जोडायची, एकजण बटण बसवायची, एकजण स्क्रू पिळायची. शेवटी बसलेल्या बाईंचं काम मला दाबून बघण्याचं. त्यांनी अंगठ्याने मला दाबलं, कान देऊन ऐकलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही कोणाच्या हातात जाईल कोण जाणे. ज्याच्या जाईल त्याला दाबायची वेळ न येवो."

हे ऐकून मी घाबरलेच. असं कसलं माझं काम, की ते करायची वेळ येऊ नये असं मला घडवणाऱ्यांनाच वाटावं? पुठ्ठ्याच्या खोक्यात, इतर बेलींच्या गर्दीत, मी अंधारात पडून राहिले आणि हाच विचार करत राहिले. भीतीशी माझी ओळख झाली ती अशी, कामाला लागण्याच्याही आधी.

मग एका वायरमनने मला खोक्यातून काढलं आणि वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेला जोडलं. लांबट वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा, मधून चालायला वाट. प्रत्येक खाटेभोवती ओढायचा हिरवा पडदा. उशाशी लोखंडी कपाट, त्यावर पाण्याचा तांब्या, औषधांची वाटी आणि कोणाचा तरी चष्मा. खाटेच्या पायथ्याशी एक हातकळ असते. ती फिरवली की उशाकडची बाजू वर होते, उलटी फिरवली की खाली. हे लक्षात असू द्या.

तिथे लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की दवाखान्यात दुखण्यापेक्षा भीती मोठी असते. दुखणं खाटेपुरतं असतं. भीती वॉर्डभर हिंडते. मला ती बोटांतून कळायची. घामेजलेली बोटं, गार पडलेली बोटं, बटणावर येऊन परत मागे जाणारी बोटं. अवजड मालट्रक चालवणारा एक धिप्पाड माणूस होता. इंजेक्शनची वेळ झाली की त्याची पाचावर धारण बसायची. तो मला दाबायचा आणि सिस्टर आल्या की म्हणायचा, "काही नाही, चुकून दाबली गेली." कोणी पाणी मागायचं, तांब्या भरलेला असताना. कोणी विचारायचं, किती वाजले, समोर घड्याळ असताना. पाणी कोणाला नको असायचं आणि वेळही कोणाला जाणून घ्यायची नसायची. फक्त कोणीतरी यायला हवं असायचं.

सगळ्या सिस्टर हसतमुखाने यायच्या असं मी म्हणणार नाही. काहीजणी लांबूनच विचारायच्या, "आता काय?" त्यांना तरी काय दोष द्यायचा? खाटा भारंभार आणि हात मोजके. एकीकडे सलाइन संपतंय, दुसरीकडे ताप मोजायचा राहिलाय आणि मध्येच माझी भुणभुण. मी त्यांच्या जागी असते तर मीही वैतागले असते.

पण एक सिस्टर वेगळ्या होत्या. वॉर्डात त्यांना सगळे गुणगुणी सिस्टर म्हणायचे. कारण त्या चालताना सतत काहीतरी गुणगुणायच्या. कुठलं गाणं ते कोणालाच ओळखता यायचं नाही. सूर असा, की संगीत शिकलेल्या माणसाने कान झाकून घ्यावेत. एकदा नव्यानेच आलेल्या एका सिस्टरने त्यांना विचारलं, "तुम्ही सारखं काय गुणगुणता हो?"

त्या म्हणाल्या, "अगं, झोपलेल्या माणसाला पाऊल ऐकू येत नाही. एकदम कोणी डोक्याशी येऊन उभं राहिलं, की त्याचं काळीज उडतं. सूर आधी पोचला, की माणूस तयार असतो."

आणखी एक गोष्ट होती. "घाबरू नका" असं त्यांनी कोणाला म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्या म्हणायच्या, "भीती वाटणारच. मी इथे आहे." एवढंच. पण त्यानंतर माझ्यावरची बोटं सैल व्हायची, हे मी शपथेवर सांगेन.

आता मी तुम्हाला ज्यांची गोष्ट सांगायला बसले आहे, ते काका येतात.

भाजीच्या घाऊक बाजारात ते लिलाव पुकारायचे. फळांच्या पेट्यांवर उभं राहायचं आणि खड्या आवाजात "बोला, बोला" करत भाव चढवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा म्हणे. बायको म्हणायची, "घरात हळू बोलले तरी शेजारचं मूल उठायचं." एका सकाळी लिलाव चालू असतानाच ते पेट्यांवरून खाली कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली.

सगळी गेली नाही. एक शब्द उरला. "बोला."

पाणी हवं असलं तरी बोला. कूस बदलायची असली तरी बोला. बायको रडायला लागली की तिच्याकडे बघून कळवळून म्हणायचे, बोला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की डोक्यात सगळं शाबूत आहे, समोरच्याचं बरंच कळतंय, पण शब्द ओठांपर्यंत येताना वाट चुकतात आणि हा एकच शब्द पोचतो. मित्रांनो, कल्पना करा. ज्याच्या एका आवाजावर बाजार हलायचा, तो माणूस तोंड उघडतो आणि भलतंच बाहेर पडतं. स्वतःच्या तोंडातून निघालेला शब्द ऐकून त्यांचे डोळे भीतीने विस्फारायचे. ते मी अगदी जवळून पाहिलं आहे.

त्यात त्यांना उजव्या बाजूचं नीट दिसतही नव्हतं. त्या बाजूने कोणी आलं, की हवेतून प्रकट झाल्यासारखं वाटायचं आणि ते दचकायचे. नेमकी मी त्याच बाजूला लोंबत होते. पहिल्या दिवशी त्यांचा डावा हात चादरीवर नुसता चाचपडत होता. गुणगुणी सिस्टरनी ते पाहिलं. कपाट ओढून डावीकडे आणलं, बायकोची खुर्ची डावीकडे घेतली, माझी वायर उशामागून वळवली आणि मला त्यांच्या डाव्या तळहातात ठेवून बोटं मिटवली.

"ही बेल. दाबलीत की मी येईन. मी नसले तर दुसरी कोणी येईल. पण येईल."

"बोला," काका म्हणाले.

"बोलते," असं म्हणून त्या खरंच बोलायला लागल्या. आज बाहेर ऊन कसं आहे, त्यांच्या घरची मांजर कशी दुधाच्या पातेल्याशी टपून बसते, नवऱ्याने भाजी आणली ती अर्धी कशी किडकी निघाली. भाजीचं नाव निघताच काकांच्या ओठांचा डावा कोपरा किंचित हसला. हसणं अर्धंच होतं, पण होतं.

त्यानंतर त्यांनी मला सोडलं नाही. जागेपणी तर दाबायचेच, डुलकी लागून दचकून उठले तरी आधी मला दाबायचे. बायको वॉर्डाबाहेरच्या नळावर डबा धुवायला गेली, दाबली. पंखा कुरकुरला, दाबली. समोरच्या खाटेवरचा माणूस चाकाच्या खुर्चीवरून तपासणीला नेला, दाबली. टेबलावर घंटी सारखी खणखणायची. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेले एक गृहस्थ होते. त्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. ते म्हणाले, "यांचा लिलाव अजून संपलाच नाही वाटतं." वॉर्डात हशा पिकला. काकांच्या बायकोने मान खाली घातली.

मी सांगितलं ना, नव्याने आलेली एक सिस्टर होती. तिला सगळे तरतरीत सिस्टर म्हणायचे. पोरगी कामाला चलाख, पायाला भिंगरी लावल्यासारखी. पण काम मागे पडेल याची तिला कायम धास्ती. मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या, काय म्हणतील याची धास्ती. बेल वाजली की ती धावत यायची आणि खाटेशी पोचल्यावर काही झालेलं नसायचं.

"काका, काही होत नाहीये ना? मग कशाला बोलावता?"

"बोला."

"मला बाकीचेही पेशंट आहेत हो."

"बोला," काका म्हणायचे आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती आणखी गोंधळायची. तिला ओरडायचं नसायचं, पण थांबायला वेळही नसायचा.

तो दिवस मला अजून आठवतो. दुपारची वेळ होती. काकांना नाकातल्या नळीतून पातळ अन्न देऊन झालं होतं. गिळण्याचे स्नायू लुळे पडले होते, म्हणून तोंडाने काहीही द्यायचं नाही अशी पाटी उशाशी लावलेली होती. आणि अन्न दिल्यावर बराच वेळ उशाकडची बाजू उंच ठेवायची, असा डॉक्टरांचा हुकूम होता. गुणगुणी सिस्टर त्या दिवशी वॉर्डाच्या पलीकडच्या बाजूला होत्या. काकांच्या बाजूला तरतरीत सिस्टर होती. काकांची बायको कपडे बदलायला घरी गेली होती आणि धाकटा भाऊ शेजारी बसला होता. हा भाऊ भला माणूस. त्याच बाजारात हमालांचा मुकादम होता. थोरल्या भावासमोर कधी खुर्चीत न बसणारा, खुर्चीच्या कडेवर टेकणारा.

काकांनी मला दाबलं. तरतरीत सिस्टर येऊन गेली. पुन्हा दाबलं. ती पुन्हा आली आणि या वेळी भावाला म्हणाली, "तुम्ही इथेच बसला आहात ना? मग बेल कशाला लागते? जरा समजवा त्यांना."

भाऊ ओशाळला. उठून उभा राहिला. ती गेल्यावर त्याने हळूच भावाच्या मुठीतून मला सोडवलं.

"दादा, जरा दम खा. लोकांना त्रास होतो. मी आहे ना."

त्याने माझ्या वायरीचं वेटोळं केलं आणि भिंतीवर उंच एक खुंटी होती तिच्यावर मला अडकवलं. दादाला झोप लागावी म्हणून पायथ्याची कळ उलटी फिरवून उशाकडची बाजू सपाट केली. खिडकीतून ऊन तोंडावर येत होतं, म्हणून हिरवा पडदा ओढून घेतला. मग त्याला दादाचे ओठ दिसले. सुकून सालपटं निघालेले. त्याने पाटीकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि चमच्याने थोडं पाणी पाजलं. दोन घोटांनी काय होतंय, असं त्याला वाटलं असणार. काकांनी डोळे मिटले. भावाने समाधानाने त्यांची चादर सारखी केली आणि सिस्टरने सांगितलेलं औषध आणायला तो खाली दुकानात गेला.

त्याने जे जे केलं ते मायेने केलं. मी खुंटीवरून सगळं पाहत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता, अगदी खराखुरा.

आधी बारीकसा खोकला आला. मग दुसरा, घशात अडकलेला. काकांनी डोळे उघडले. खोकल्याने पोट ढवळलं आणि नळीतून दिलेलं अन्न उलटून घशाशी आलं. माणूस उताणा, सपाट. कुशीवर वळायला उजवं अंग साथ देईना. घशातून घरघर यायला लागली. "बोला" म्हणायला तोंड उघडलं, पण तोही शब्द निघेना.

डावा हात मला शोधायला लागला. चादरीवर, उशीखाली, छातीवर, पुन्हा चादरीवर. मी त्यांच्या डोक्यावर हातभर उंच लोंबत होते. त्यांनी मान वर करून मला पाहिलंही. हात उचलला. बोटं भिंतीला लागली, घसरली. पुन्हा उचलला, तो निम्म्यावरून खाली आला. मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ घाबरलेली माणसं पाहिली आहेत, पण ती नजर मी विसरू शकत नाही. मदत डोळ्यांसमोर आहे आणि हात पोचत नाही. मी मनातल्या मनात किती ओरडले म्हणून सांगू. पण माझ्यासारखीच्या ओरडण्याला कोण विचारतो? पडदा ओढलेला. शेजारचे गृहस्थ इतक्या दिवसांनी मिळालेल्या शांततेत घोरत होते. काकांचे ओठ जांभळे पडू लागले.

पलीकडच्या बाजूला गुणगुणी सिस्टर एका रुग्णाच्या पायाची जखम धूत होत्या. त्यांचं गुणगुणणं मला ऐकू येत होतं. आणि मग ते थांबलं.

"खिडकीजवळचे काका आज गप्प कसे गं?" त्यांनी विचारलं.

तरतरीत सिस्टर टेबलाशी औषधं लावत होती. "झोपले असतील. बरं झालं, जरा शांतता आहे."

"ते असे झोपणारे नाहीत. तू पाहिलंस?"

"नाही. बेलच वाजली नाही."

"म्हणूनच विचारते," त्या म्हणाल्या. जखमेवर स्वच्छ कापड झाकलं, रुग्णाला सांगितलं, "पाय असाच ठेवा, मी आलेच," आणि निघाल्या. पहिल्यांदाच त्या न गुणगुणता आल्या. मला फक्त पळती पावलं ऐकू आली.

पडदा सर्रकन बाजूला झाला. त्यांनी एक क्षणही इकडेतिकडे पाहिलं नाही. दोन्ही हातांनी काकांना खांद्याला आणि कमरेला धरून डाव्या कुशीवर वळवलं, तोंड खाली केलं, बोटाने घशाशी अडकलेलं बाहेर काढलं. "सक्शन आण, डॉक्टरांना बोलाव," एवढंच त्या म्हणाल्या, तेही न ओरडता. तरतरीत सिस्टर घशातलं ओढून काढायचं यंत्र ढकलत धावत आली. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. नळी घशात गेली. घाणेरडा आवाज झाला. काहीच घडेना. मोठ्या सिस्टरनी ऑक्सिजनचा मुखवटा लावला. डॉक्टर आले. गुणगुणी सिस्टरचा एक हात काकांच्या पाठीवर होता, आणि तशा त्या गर्दीत त्या पुन्हा गुणगुणायला लागल्या. सूर थरथरत होता. तरीही त्या काकांच्या कानाशी वाकून गुणगुणत राहिल्या.

मग छाती हलली. एक लांब, फाटका श्वास आत गेला. मग दुसरा.

गुणगुणी सिस्टरनी वर पाहिलं, खुंटीवर मी त्यांना दिसले. त्यांनी मला काढलं, वेटोळं सोडवलं आणि काकांच्या डाव्या मुठीत दिलं. काकांनी मला दाबलं आणि दाबूनच ठेवलं. टेबलावरची घंटी वाजायला लागली ती वाजतच राहिली. सगळ्याजणी तर खाटेशीच उभ्या होत्या. ती बंद करायला मात्र कोणी गेलं नाही.

एवढ्यात भाऊ औषधाची पिशवी घेऊन आला. यंत्र, मुखवटा, गर्दी पाहून तो जागीच थांबला. पिशवी खाली पडली. "मी पाणी दिलं," तो म्हणाला. "मीच दिलं. बेलही मीच वर टांगली. मी मारलं असतं दादाला." आणि तो एवढा मोठा मुकादम भिंतीला धरून खाली बसला.

आता याला बोलणी बसणार असं मला वाटलं. मोठ्या सिस्टरच्या कपाळाला आठ्या पडल्याच होत्या. पण गुणगुणी सिस्टर त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या.

"ओठ सुकलेले दिसले म्हणून दिलंत ना?"

त्याने मान हलवली.

"मलाही सकाळी दिसले होते. गिळायला काही द्यायचं नाही, पण ओठ ओले करता येतात. ओल्या कापसाने, असे. हे मी तुम्हाला दाखवायला हवं होतं. नुसती पाटी लावून माणसाला कसं कळणार? उठा, मी दाखवते. पुढच्या वेळी तुम्हीच करायचं."

"पुढच्या वेळी?" त्याने घाबरून विचारलं.

"हो. भाऊ तुमचा आहे. तुमचा हात त्यांना हवाच आहे."

त्याने कापूस धरला. त्याच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. दोघांनी मिळून काकांचे ओठ ओले केले.

डॉक्टर गेल्यावर पडद्याआड तरतरीत सिस्टर रडत होती. "माझ्याकडची खाट होती. मी नुसतं बोलून गेले. मी पाहिलंसुद्धा नाही."

गुणगुणी सिस्टरनी "जाऊ दे" असं म्हटलं नाही, आणि वाकडा शब्दही काढला नाही. "यांचं अंग घामाने भिजलंय," त्या म्हणाल्या. "चल, पुसून घेऊ. तू त्या बाजूने ये. आधी आवाज दे, मग हात लाव."

ती डोळे पुसून डाव्या बाजूला गेली. "काका, मी आले आहे हं," असं म्हणाली आणि मग टॉवेल भिजवला.

पुढचे दिवस बरे नव्हते. अन्नाचा अंश फुप्फुसात गेल्यामुळे काकांना ताप चढला. छाती घरघरायची. बायको जीव मुठीत धरून बसायची. तिने दिराला काय म्हणावं? डबा आणायची तो त्याच्यापुढे आधी उघडायची. भाऊ ओल्या कापसाची वाटी हातातून सोडत नव्हता. काका मला दाबत होते, आणि आता शेजारचे गृहस्थही कुरकुरत नव्हते. उलट कधी बराच वेळ बेल वाजली नाही, तर तेच मान उंचावून विचारायचे, "काय हो, ठीक आहे ना?"

ताप उतरला. बोलायला शिकवणाऱ्या बाई रोज यायला लागल्या. हळूहळू "बोला"च्या जोडीला "हो" आला, मग "नको" आला. एके दिवशी बायकोचं घरातलं लाडकं नाव आलं, तेव्हा ती डब्याचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. काका काठी टेकत आणि पाय ओढत वॉर्डातून बाहेर पडले, तेव्हा माझ्यावर त्यांच्या बोटांचा घाम अजून होता.

त्यानंतर काही महिन्यांनी दवाखान्याने ठरवलं, की रुग्णांची मायेने सेवा करणाऱ्या एका सिस्टरचा सत्कार करायचा. नाव डॉक्टरांनी नव्हे, रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी सुचवायचं. आमच्या वॉर्डातून काकांचा भाऊ मोठ्या सिस्टरना भेटला. आपण काय केलं होतं ते त्याने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. "माझ्या दादाला त्यांनी वाचवलं हे तर आहेच," तो म्हणाला, "पण मलाही वाचवलं. त्या दिवशी मला कोणी एक वाकडा शब्द बोललं असतं, तर मी दादाजवळ पुन्हा गेलो नसतो."

सत्कार आमच्याच वॉर्डात झाला, खाटेवरच्या लोकांनाही दिसावा म्हणून. गुणगुणी सिस्टरच्या पदराला बिल्ला लावला. टाळ्या झाल्या. सगळे म्हणाले, आता दोन शब्द सांगा. आणि काय सांगू, मित्रांनो, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या माणसांसमोर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. हात नक्की कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. मी जिथे लोंबत होते तो खाटेचा कठडा त्यांनी माझ्यासकट धरला, तेव्हा मला त्यांची बोटं कळली. बर्फासारखी गार.

"मला खूप भीती वाटते आहे," त्या म्हणाल्या. लोक हसले. त्या हसल्या नाहीत. "आत्ता वाटते आहे तशी रोज वाटते. कामावर येताना वाटते. ज्या खाटेकडे मी आज पाहिलं नाही, तिथे काय चाललं असेल, याची वाटते. काकांच्या वेळी तर फारच वाटली. सगळे म्हणतात, सिस्टर, तुम्हाला भीती कशी वाटत नाही? वाटते हो. म्हणून तर मी उठून बघायला जाते."

मागच्या रांगेत तरतरीत सिस्टर उभी होती. हे ऐकल्यावर तिने पहिल्यांदाच खांदे सैल सोडले. आपली भीती ही आपली एकटीची खोड आहे, असं तिला इतके दिवस वाटत असावं.

आता वॉर्डात नवीन बेली आल्या आहेत. त्यांना वायर नाही. दिसायला गुळगुळीत, दाबायला हलक्या. मला काढून मोठ्या सिस्टरच्या कपाटाच्या खणात ठेवलं आहे. इथे गंजलेली कात्री आहे, बंद पडलेलं घड्याळ आहे, आणि अंधार आहे. भंगारवाला येईल तेव्हा मी जाईन. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, प्रत्येकाला कधीतरी जायचंच असतं. माझी भीती वेगळी आहे. नवीन बेली कितीही चांगल्या असल्या, तरी त्यांनाही कोणी मायेने, कोणी कंटाळून, हात पोचणार नाही अशा जागी ठेवू शकतंच.

म्हणून तुम्हाला एक सांगते. तुम्ही कधी दवाखान्यात कोणाला भेटायला जाल. तिथे धावपळ करणारी एखादी सिस्टर दिसेल. तिचा दिवस कसा चालला आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं, तेव्हा तिच्याशी दोन शब्द नीट बोला. आणि खाटेवरचं माणूस सारखं सारखं बोलावत असेल, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ बसा. आणि त्याची बेल कुठे लांब ठेवलेली दिसली, तर ती उचलून त्याच्या चांगल्या हातात द्या. तो लगेच दाबेल. दाबू दे त्याला.